विसावा घ्या, मुक्काम करू नका

जेवणं उरकली असतील तर निवांत बसा, नसतील तर भाकऱ्या थापता थापता ऐका. आज बचतीचं, व्याजाचं, बँकेच्या कागदांचं काही सांगणार नाही. आज एका शर्यतीचं सांगणार आहोत. पण आमची सवय तुम्हाला ठाऊक आहे, शेवटी हिशेब येणारच.

आमच्या गटात एक सून आहे. माहेर सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठी, सासर इकडे साताऱ्यात कोरेगाव तालुक्यात. वय चौतीस. दोन मुलं, चार म्हशी, सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध. लहानपणी वडिलांनी पाठीला वाळका भोपळा बांधून तिला विहिरीत सोडली होती, त्यामुळे पोहणं अंगात मुरलेलं. साताऱ्याच्या डोंगरातल्या अर्ध्या मॅरेथॉनमध्ये ती दोनदा यवतेश्वरचा घाट पळून आली. आणि मग एका बैठकीत ती उठून म्हणाली, "मला ट्रायथलॉन करायचंय. सायकलीसाठी पस्तीस हजार कर्ज पाहिजे."

बैठकीत आधी शांतता, मग एकच गलका. कुणी विचारलं, हे कुठलं औषध? कुणी विचारलं, ह्यातून उत्पन्न काय? शेळी घेतली तर करडू देते, शिलाई मशीन घेतली तर ब्लाऊज शिवून होतात, सायकल काय देणार? आम्हीही तेव्हा गप्प बसलो, हे कबूल करतो. कारण उत्तर आमच्याजवळ नव्हतं.

तर आधी ट्रायथलॉन म्हणजे काय ते सांगतो. एकाच दिवशी, एकामागून एक, आधी पोहायचं, मग सायकल चालवायची, मग पळायचं. हा खेळ अमेरिकेत सॅन दिएगो गावी १९७४ साली सुरू झाला आणि २००० साली ऑलिंपिकमध्ये गेला. लांब पल्ल्याच्या पूर्ण शर्यतीत ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर पळणं असतं, मुदत साधारण सतरा तासांची. त्याच्या अर्ध्या पल्ल्यात १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर पळणं, मुदत साडेआठ तास. ही अर्ध्या पल्ल्याची आयर्नमॅन शर्यत आपल्या शेजारी गोव्यात पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर २०१९ साली पहिल्यांदा झाली. कोरोनात दोन वर्षं बंद होती, पुढं परत सुरू झाली. आमच्या सुनेचा डोळा तिच्यावरच आहे.

हे बायकांचं काम नव्हे असं कुणाला वाटेल, म्हणून तीन बायकांची नावं सांगतो. हवाईतली आयर्नमॅन १९७८ साली सुरू झाली, त्या वर्षी त्यात एकही बाई नव्हती. दुसऱ्या वर्षी लिन लेमेयर नावाची एकटी बाई उतरली आणि शर्यत पूर्ण करून आली. मॅडोना ब्यूडर ही अमेरिकेतली जोगीण, पळायला लागली तीच अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, आणि २०१२ साली कॅनडात पूर्ण आयर्नमॅन सतरा तासांच्या आत पुरी केली तेव्हा तिचं वय ८२ होतं. आणि आपल्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत अंतिम फेरीत पळून दहावी आली. दुष्काळी माणातली मुलगी पाण्याच्या खड्ड्यावरून उड्या मारत जगात दहावी येते, मग आपण का लाजायचं?

असो. कर्ज मंजूर झालं. इतरांना जे व्याज, तेच तिला. पुण्यातून वापरलेली सायकल आली. चार महिन्यांनी ती एका लहान ट्रायथलॉनला गेली आणि अर्ध्यातून परत आली. सायकलीच्या मुदतीला तीन मिनिटं उशीर झाला, म्हणून तिला थांबवलं. पोहण्यात ती कमी पडली नव्हती, सायकलीतही नव्हती. पाण्यातून बाहेर येऊन सायकलीवर बसेपर्यंत तिची चौदा मिनिटं गेली होती. पाण्यातून आल्यावर सायकल कुठं लावली ते सापडेना. सापडली तर हेल्मेटचा पट्टा पीळ पडलेला. ओल्या पायावर मोजे चढेनात. घाईत सायकल घेऊन निघाली तर स्वयंसेवकानं अडवलं, कारण हेल्मेटचा पट्टा लावलेला नव्हता. परत मागं जाऊन नीट बांधून यावं लागलं.

पोहणं आणि सायकल, सायकल आणि पळणं, ह्यांच्या मधल्या बदलाला इंग्रजीत ट्रान्झिशन म्हणतात. नवख्या माणसाची शर्यत इथं बिघडते. कारण एक गोष्ट त्याला कुणी सांगितलेली नसते. कपडे बदलत असताना घड्याळ थांबत नाही. घोट्याला बांधलेली वेळेची चीप सगळं मोजत असते.

हे सगळं बैठकीत सांगितल्यावर आमच्या गटातल्या सगळ्यात थोरल्या आजी बोलल्या. त्या दर वर्षी माउलींच्या पालखीबरोबर लोणंदपासून बरडपर्यंत तरी चालतातच. त्या म्हणाल्या, "अगं, हे तर वारीतलंच आहे. विसावा वेगळा, मुक्काम वेगळा. विसाव्याला पाणी प्यायचं, पाय झटकायचे, पुढं चालायचं. विसाव्याला जो अंथरूण पसरतो, त्याची दिंडी पुढं जाते." आणि पुढं म्हणाल्या, "सामान ट्रकातून पुढं जातं. संध्याकाळी शेकडो तंबूंत आपला कुठला हे दिंडीच्या नंबरावरून, झाडावरून, टाकीवरून ध्यानात ठेवावं लागतं. नाहीतर दमलेलं माणूस तासभर हिंडतं."

मैत्रिणींनो, त्या आजींनी सगळा विषय दोन वाक्यांत सांगितला. त्या दिवसापासून आम्ही ट्रान्झिशनला विसावा म्हणतो. आता हे दोन विसावे कसे घ्यायचे ते सांगतो. कुणाची लेक, सून, पुतणी असल्या शर्यतीला निघाली तर हे तिच्या कानावर घाला.

आदल्या दिवसापासून सुरुवात करू. मोठ्या शर्यतीत सायकल आदल्या दिवशीच नेऊन लावावी लागते. लांबलचक आडव्या दांड्या असतात, त्यावर नंबराप्रमाणे सायकली अडकवतात. सामानाच्या पिशव्याही बहुधा तेव्हाच द्याव्या लागतात, एक सायकलीची आणि एक पळण्याची. जागा मिळाली की एक काम करायचंच. पाण्यातून बाहेर यायची वाट, आपली रांग, सायकल घेऊन जायची वाट, परत यायची वाट आणि पळायला जायची वाट, हे सगळं दोनदा चालून बघायचं. रांगा मोजायच्या. खूण धरायची ती खांबाची, झाडाची, न हलणाऱ्या कशाची तरी. शेजारच्या लाल सायकलीची खूण धरू नये, ती लाल सायकल आपल्या आधी निघून गेलेली असते. आमच्या सुनेचं नेमकं हेच झालं होतं.

सायकल लावताना ती हलक्या गिअरवर ठेवायची, म्हणजे निघताना पायाला जोर पडत नाही. टायरात रात्री हवा ठासून भरायची नाही, उन्हानं टायर फुटू शकतो. पहाटे आत सोडतात तेव्हा पंपानं पूर्ण भरायची.

आता पहिला विसावा, पाण्यातून सायकलीकडे. तासभर आडवं पोहून एकदम उभं राहिलं की डोकं गरगरतं. पोहताना अंग आडवं असतं, उभं राहिल्यावर रक्त पायाकडे उतरतं आणि क्षणभर डोक्याला कमी पडतं. घाबरायचं काही नाही. शेवटच्या थोड्या अंतरात पाय जरा जास्त हलवायचे, किनारा लागला की सावकाश उभं राहायचं आणि पहिली पावलं चालतच टाकायची. चालता चालता चष्मा आणि टोपी काढायची. हात रिकामे नाहीत म्हणून थांबायचं नाही.

सायकलीजवळ पोचल्यावर पाच कामं. आम्ही ती पाच बोटांवर बसवली आहेत. अंगठा म्हणजे पाय, तर्जनी म्हणजे मोजे, मधलं बोट बूट, अनामिका हेल्मेट आणि करंगळी सायकल. समुद्राची वाळू असते, म्हणून एक पाण्याची बाटली पाय धुवायलाच ठेवायची. पाय पुसायचे, बोटांच्या बेचक्यासुद्धा. मोजे आधीच गुंडाळून ठेवायचे, म्हणजे ओलसर पायावर उलगडत चढतात. आत थोडी पावडर टाकली तर आणखी सोपं. दोन मिनिटं वाचवायला मोजे टाळले आणि २१ किलोमीटर पळताना टाचेला फोड आला, तर ती दोन मिनिटं वीस मिनिटांना पडतात.

हेल्मेटचा नियम अगदी कडक. आधी हेल्मेट डोक्यावर, पट्टा बंद, मगच सायकलीला हात. परत आल्यावर सायकल दांडीला अडकवल्याशिवाय पट्टा उघडायचा नाही. शर्यत सुरू होण्याआधीच हेल्मेट उलटं, पट्टे दोन्ही बाजूंना पसरून ठेवायचं, म्हणजे पीळ पडत नाही. दुसरा नियम असा की आत सायकलीवर बसायचं नाही, हाताला धरून चालवत न्यायची. बाहेर पडताना जमिनीवर रेघ असते, ती ओलांडल्यावरच चढायचं. येताना उतरायच्या रेघेच्या अलीकडेच उतरायचं. हे मोडलं तर दंड म्हणून वेळ वाढते, कधी शर्यतीतून बाद करतात. आणि आपली ओली टोपी, चष्मा, टॉवेल इकडेतिकडे टाकायचा नाही, दिलेल्या पिशवीत किंवा आपल्या जागेवरच ठेवायचा. घरच्यांनी आत येऊन मदत करायलाही मनाई असते. आईनं येऊन वेणी घालून द्यायची सोय तिथं नाही. वेणी पहाटेच घट्ट आणि खाली घालायची, वर अंबाडा असला तर हेल्मेट बसत नाही.

खाण्याचं काय? पाण्यातून आल्या आल्या तोंडात लाडू कोंबायचा नाही. खारं पाणी पोटात गेलेलं असतं, मळमळतं. सायकलीवर बसून श्वास जागेवर आला की पाण्याचे घोट, मग थोडं थोडं खाणं. आमची सून राजगिऱ्याचा लाडू, केळं आणि लिंबू, मीठ, साखरेचं पाणी घेते. तासन्‌तास घाम गाळून नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं तर अंगातलं मीठ पातळ होतं, तेही जिवावर बेतू शकतं. आणि शर्यतीच्या दिवशी नवं काही खायचं नाही, नवं काही घालायचंही नाही.

आता दुसरा विसावा, सायकलीवरून पळण्याकडे. हा लहान असतो. सायकल अडकवायची, हेल्मेट काढायचं, लागल्यास बूट बदलायचे, उन्हाची टोपी घ्यायची, नंबराचा पट्टा पाठीवरून पुढं फिरवायचा आणि निघायचं. अडचण येते ती पायांची. चार तास पाय गोल गोल फिरलेले असतात, एकदम पळायला सांगितलं की लाकडासारखे होतात. आमची सून म्हणते, "हे पाय माझे नाहीत, शेजारणीचे आणलेत असं वाटतं." पहिले एक-दोन किलोमीटर पावलं लहान टाकायची, वेग कमी ठेवायचा. पाय हळूहळू कबूल होतात. ह्याचा सराव म्हणजे आठवड्यातून एकदा सायकल झाल्याबरोबर, मध्ये चहा न घेता, पंधरा मिनिटं पळायचं. ह्या सरावाला इंग्रजीत वीट म्हणतात. पाय विटेसारखे जड होतात म्हणून असेल, असं आम्ही समजतो.

बायकांच्या दोन गोष्टी मोकळेपणानं सांगतो. एक कपड्यांची. तिन्ही कामांना चालणारा एकच पोशाख मिळतो, तो अंगावरच वाळतो, बदलावा लागत नाही. ज्यांना अंगभर कपडा हवा त्यांनी नियमात काय चालतं हे आयोजकांना आधीच विचारून घ्यावं. उघड्यावर कपडे बदलायला बंदी असते, मोठ्या शर्यतीत बायकांसाठी वेगळा तंबू असतो. आमच्या सुनेच्या सासूबाईंना हाच घोर होता. पोशाख हातात घेऊन पाहिल्यावर त्या म्हणाल्या, "ह्यापेक्षा भात लावताना आपण जास्त भिजतो नि जास्त दिसतो." विषय संपला. दुसरी गोष्ट पाळीची. तारीख जवळ असो वा नसो, पॅड आणि एक जादा कपडा दोन्ही पिशव्यांत ठेवायचा. संडास कुठं आहे हे आदल्या दिवशीच बघून घ्यायचं आणि त्याची चार मिनिटं हिशेबात धरायची.

आणि हो, हिशेब. साडेआठ तास म्हणजे ५१० मिनिटं. आमच्या सुनेचं पोहणं ६० मिनिटं, सायकल २५० मिनिटं, पळणं १७० मिनिटं. झाली ४८०. उरली ३०. पहिला विसावा १० मिनिटं आणि दुसरा ८ धरला तर हातात १२ राहतात. त्यात एखादं पंक्चर, एकदा संडास. आता मधल्या मुदतीही बघा. अशा शर्यतीत सहसा पोहणं एक तास दहा मिनिटांत आणि सायकल सुरुवातीपासून साडेपाच तासांत, म्हणजे ३३० मिनिटांत संपवावी लागते. ६० आणि १० आणि २५०, झाली ३२०. दहाच मिनिटं शिल्लक. मागच्यासारखी चौदा मिनिटं विसाव्यात गेली तर शिल्लक सहावर येते. एक पंक्चर झालं की खेळ खलास. म्हणून सांगतो, कधीकधी पायांपेक्षा हातांची तयारी लवकर फळ देते.

तो सराव आम्ही गटाच्या बैठकीच्या ओट्यावर घेतला. मांडवाचा बांबू दोन खुर्च्यांवर आडवा बांधला, ती झाली दांडी. हौदावरून पाण्याच्या दोन बादल्या तिच्या अंगावर ओतायच्या आणि मोबाइलवर वेळ लावायची. पहिल्या दिवशी साडेसहा मिनिटं लागली. सगळ्याजणी ओरडून सूचना देत होत्या, त्यानं ती आणखी गोंधळली. मग ठरलं, कुणी बोलायचं नाही, फक्त बघायचं आणि नंतर सांगायचं. एकीनं पाहिलं की ती टॉवेल शोधायला दर वेळी वळते. टॉवेल खाली अंथरला, त्यावरच सामान मांडलं, पहिलं लागणारं सगळ्यात पुढं. एकीनं पाहिलं की बुटाची नाडी वेळ खाते. नाडीऐवजी ताणणारी रबरी दोरी घातली. महिन्याभरात वेळ तीन मिनिटांच्या आत आली. गोव्यात चालायचं अंतर मोठं असेल, वाळू असेल, म्हणून दहा धरलेत. पण आता सामान शोधण्यात जाणारी मिनिटं जवळपास संपली.

हे सगळं ऐकून कुणी उद्याच कॅनॉलमध्ये उडी मारू नका. कॅनॉलचं पाणी ओढून नेतं, धरणाच्या पाण्याचा अंदाज येत नाही. पोहायला एकटीनं कधी जायचं नाही. आमची सून माहेरी जाते तेव्हा भाऊ ट्यूब घेऊन बरोबर असतो, आणि पुराच्या दिवसांत नदीकडे फिरकायचंही नाही असा त्यांच्या घरचा नियम आहे. शर्यतीत दम लागला तर मदतीच्या होडीला धरून विसावता येतं, होडीनं पुढं नेलं नाही म्हणजे झालं. लांब शर्यतीचा सराव सुरू करण्याआधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावं, रक्तही तपासावं. रक्त कमी असताना अंगावर असलं काम ओढवून घेऊ नये.

आता त्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. सायकल काय देणार? कर्जाचे नऊ हप्ते फिटलेत, एकही चुकला नाही. दूध वाढवून ती फेडते आहे. पण गटात दोघी अजून म्हणतात की गटाचा पैसा हौसेला देऊ नये, आणि त्यांचं म्हणणं आम्ही उडवून लावत नाही. पैसा सगळ्यांच्या घामाचा आहे. ती परत अर्ध्यातून आली तर पुढच्या वेळी एखादी मुलगी पोलीस भरतीच्या बुटांसाठी, तबल्यासाठी, संगणकासाठी कर्ज मागेल तेव्हा कुणीतरी ह्या सायकलीचा दाखला देईल, हे आम्हाला दिसतं. तिलाही दिसतं. म्हणूनच ती रोज पहाटे उठते.

तिच्या सरावातून आमचंही एक काम झालं. आम्ही आमच्या दिवसाकडे त्याच नजरेनं पाहिलं. गोठ्यातून चुलीकडे, चुलीपासून रानाकडे, रानातून बैठकीकडे, आपलाही दिवस असाच तुकड्यातुकड्यांचा. विळा शोधणं, पासबुक शोधणं, बैठकीची वही कुणाकडे आहे ते विचारत हिंडणं, ह्यात किती वेळ जातो? आम्ही एक खुंटी ठरवली. तिला एक पिशवी, पिशवीत वही, पेन, शिक्का, पासबुकं. बैठक आता वेळेवर सुरू होते. वाचलेला वेळ आम्ही कामाला देत नाही, बसून बोलायला देतो. तो आमचा विसावा.

पुढच्या बैठकीत तुम्हीही करून बघा. गटातली कुठलीही एक घाईची गोष्ट घ्या, एकीनं ती करायची, बाकीच्यांनी न बोलता बघायची, मग सांगायची. हसायला येईल, पण उपयोग होईल.

आमची सून यंदा गोव्याला जाणार आहे. गटातल्या सहाजणी बरोबर जातोय, आजीसुद्धा. आत जायला परवानगी नाही, हे आजींना दोनदा सांगून झालंय. त्या म्हणतात, "मी कठड्याबाहेरून पाच बोटं दाखवीन. तेवढं पुरे."

नमस्कार मैत्रिणींनो. पुढच्या वेळी काय झालं ते खरं खरं सांगू, जे झालं असेल ते.